आपल्या तोंडचे पालुपद

वर्गात शिक्षक एका तासात किती वेळा "काय?" म्हणतात हे शिक्षकांना ठाऊक नसते; मागच्या बाकावरच्या मुलांना ते नेमके ठाऊक असते. वहीच्या शेवटच्या पानावर चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी आडवी, असा हा हिशोब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. कुणा सरांचे "समजलं ना?", कुणा बाईंचे "बरं का मुलांनो", कुणा पुढाऱ्याचे "या ठिकाणी". पुढारी मंडळींचे "या ठिकाणी" तर असे असते की भाषण संपल्यावर ठिकाण सोडून दुसरे काही आठवत नाही. धर्मगुरूही यातून सुटलेले नाहीत. प्रवचनात "म्हणूनच प्रिय भाविकांनो" कितव्यांदा आले, हे वेदीसेवक मुलांना विचारून पाहावे! ज्यांच्या तोंडून हे शब्द गेले, त्यांना मात्र त्यातला एकही ऐकू आलेला नसतो.

मराठीत अशा शब्दाला आपण पालुपद म्हणतो. पालुपद मुळात गाण्यातले. प्रत्येक कडव्यानंतर परत येणारी ओळ, म्हणजे ध्रुपद. गाणाऱ्याला ती ओळ कधी येणार हे माहीत असते आणि तो मुद्दाम तिच्याकडे वळतो. बोलण्यातले पालुपद आपल्याला न विचारता येते. हिंदी-उर्दूत याला 'तकिया कलाम' असा गमतीदार शब्द आहे. तकिया म्हणजे उशी, लोड. बैठकीवर बसलेला माणूस लोडाला टेकतो, तसा बोलणारा माणूस त्या शब्दाला टेकतो.

आता टेकण्यात गैर ते काय? बहुतेक वेळा काहीच नाही. "म्हणजे", "तर", "काय आहे ना", "ते आपलं हे" हे शब्द म्हणजे बोलताना घेतलेला श्वास. पुढचे वाक्य मनात जुळत असते, तोवर ऐकणाऱ्याला 'थांबा, अजून संपलेले नाही' असे सांगायचे असते. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अभ्यासकांनी २००२ साली इंग्रजी बोलण्यातल्या 'अं', 'अम्' अशा अडखळण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, हे आवाज निरर्थक नाहीत. किती वेळ थांबावे लागेल याची सूचना बोलणारा त्यातून देत असतो. आपल्या "आपलं" या शब्दाचेच बघा. "मी आपलं सहज विचारलं", "बसलोय आपलं". या "आपलं"ला कोशातला अर्थ चिकटवता येणार नाही, पण तो काढून टाकला तर वाक्य एकदम रुक्ष होते, भांडायला आल्यासारखे वाटते. कीर्तनकार मध्येच "विठ्ठल विठ्ठल" म्हणतात, तेव्हा टाळकऱ्यांना ताल सापडतो, बुवांना दम घेता येतो आणि श्रोत्यांना आधीचे पचवायला क्षणभर मिळतो. जपमाळ ओढताना आपणही तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणतो, पण तिथे प्रत्येक वेळेला बोटाखालून एक मणी सरकतो. कितवी वेळ आहे, हे हाताला माहीत असते. तेव्हा पुनरुक्ती झाली की दोष झाला, असे म्हणायचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट आधीच बाजूला काढून ठेवू. नामपूरच्या परिसरात, मोसम नदीच्या दोन्ही काठांना, घरातली बोली अहिराणी. चौकात अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी, बँकेत आणखी तिसरेच काही, असे आपल्या मुलांना दिवसातून चार वेळा जिभेचे कपडे बदलावे लागतात. मग एखादे पोर "आहे"च्या जागी "शे" म्हणते आणि मोठी माणसे त्याला "नीट बोल" म्हणून दटावतात. बोलण्याच्या सवयी तपासायच्या म्हणजे बोलीची लाज बाळगायची, असा अर्थ कुणी काढू नये. ग्रियरसन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडातही घातले नव्हते. १९०७ साली निघालेल्या वेगळ्या भागात, भिली बोलींच्या सोबतीने तिची नोंद केली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून सांगणारे लोक अठरा लाखांहून अधिक होते. इतक्या लोकांची बोली ही कुणाची वाईट सवय असू शकत नाही. "शे" हे पालुपद नव्हे. ते क्रियापद आहे.

पण इथेच आपल्या मराठी माणसांची एक जुनी खोड दिसते. आपण शब्द तपासतो ते त्यांचे कूळ विचारण्यासाठी. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचे काम सोपवले. कारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यावेत, हा त्यामागचा हेतू. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. 'दिनांक', 'महापौर' हे शब्द त्यांचे म्हणून सांगितले जातात आणि आज आपण ते सहज वापरतो. ही कामे मोठी होती. पण त्यांचा प्रश्न 'हा शब्द कुठून आला?' असा होता. आजही घरात एखादी मुलगी "ॲक्च्युअली" आणि "बेसिकली" म्हणू लागली की सगळे तिला हसतात. तिच्याच वडिलांनी दिवसभरात पंधरा जणांना "बघू" म्हणून परत पाठवले असले तरी त्यांना कुणी हसत नाही, कारण "बघू" अस्सल मराठी आहे.

या "बघू"कडे जरा निरखून पाहू या. व्याकरणाने पाहिले तर हा शब्द फार चतुर आहे. "मी बघतो" असे म्हटले तर बघणारा एक माणूस उभा राहतो, उद्या त्याला विचारता येते, "बघितलंत का?" "बघू" मध्ये बघणारे आपण सगळे, म्हणजे कुणीच नाही. केव्हा बघणार, तेही त्यात नाही. "करू", "होईल", "होऊन जाईल", "सांगतो तुम्हाला", "येतो एकदा तिकडे" ही सगळी त्याचीच भावंडे. "नाही" म्हणायची आपल्याला भीड वाटते. समोरच्याचे तोंड उतरलेले पाहवत नाही, म्हणून आपण "बघू" म्हणतो, आणि आपण फार सौम्यपणे वागलो असे समजतो.

ऐकणारा मात्र त्या शब्दावर विसंबून काहीतरी करतो. खेड्यावरून दाखल्यासाठी आलेल्या बाईला कुणी "बघू, सोमवारी या" म्हणाले, तर ती सोमवारची मजुरी सोडते, एसटीचे तिकीट काढते आणि येते. कांदा विकून गेलेला शेतकरी उरलेल्या पैशांची आठवण करायला येतो, त्याला "करू ना, पळून चाललोय का?" असे हसत सांगितले जाते. तो त्या भरवशावर खताच्या दुकानदाराला तारीख देतो. ती तारीख टळली की दुकानदार त्याला खोटा म्हणतो. जो पहिला शब्द सहज बोलला गेला, त्याचा बोलणाऱ्याला विसर पडलेला असतो. शब्द त्याच्या तोंडून फुकट गेला, त्याची किंमत दुसऱ्याच्या खिशातून वळती झाली.

आपल्या ख्रिस्ती घरांतही "बघू"ची एक धाकटी बहीण नांदते. आजाऱ्याच्या खाटेशी दहा मिनिटे बसून झाले, घड्याळाकडे नजर गेली, उठायचे कसे हे सुचत नाही, मग आपण म्हणतो, "आम्ही प्रार्थना करू हं तुमच्यासाठी." त्या रात्री घरी जाऊन त्या माणसाचे नाव घेऊन जे दोन मिनिटे गुडघे टेकतात, त्यांच्याविषयी काही म्हणायचे नाही. पण कितीदा तरी हे वाक्य म्हणजे चपला शोधण्यापूर्वीचे वाक्य असते. खाटेवरचा माणूस ते तसे ऐकत नाही. तो रात्री जागा असतो, आणि कोणकोण आपल्यासाठी प्रार्थना करत असेल ते मोजत असतो.

"देवाची इच्छा" हे दुसरे. ऐंशी वर्षांच्या आजी गेल्या, तेव्हा हे शब्द शोभतात. घरच्यांनाही त्यातून धीर येतो. पण कर्जाने खचून ज्याने स्वतःला संपवले, त्याच्या बत्तीस वर्षांच्या विधवेसमोर हेच शब्द तशाच स्वरात म्हणायचे? तिथे सोसायटीचे कर्ज होते, पडलेला भाव होता, डाळिंबावरचा तेल्या होता, कदाचित शेजाऱ्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केलेले काही महिने होते. त्या सगळ्यावर आपण देवाचे नाव टाकून मोकळे होतो. ती बाई काही बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढते. आपल्याला वाटते, तिला पटले.

आता खरा प्रश्न असा की, जे शब्द आपल्याला स्वतःला ऐकूच येत नाहीत, त्यांचा दोष आपल्यावर येतो का? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. एक बाजू म्हणेल, पाप घडायला मनाची संमती लागते. ज्याला आपण काय बोललो हे ठाऊक नाही, त्याने संमती कधी दिली? तोंडाला वळण पडले आहे, एवढेच. दुसरी बाजू म्हणेल, वळण आपोआप पडत नसते. पहिल्या शंभर वेळा ते आपणच पाडलेले असते. आम्हाला या वादात एका जुन्या कायद्याची मदत होते. निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहेत. बैलाने अचानक कुणाला हुंदडून मारले, तर बैलाला शिक्षा आहे, पण मालक निर्दोष. मात्र बैलाला मारायची खोड आधीपासून होती, मालकाला तसे बजावण्यात आले होते आणि तरीही त्याने बैल बांधून ठेवला नाही, तर मालकाला त्याचा जाब द्यावा लागतो, आणि तो जाब साधासुधा नाही, प्राणावर बेतणारा आहे. बैल तोच, शिंगे तीच, मेलेला माणूसही तसाच मेलेला. फरक पडतो तो मधल्या एका गोष्टीने: कुणीतरी येऊन सांगितले होते की नव्हते.

शेती करणाऱ्या माणसाला हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. बैल एकदा सुटला तर शेजारीही समजून घेतो. पण "बांध रे त्याला" असे सांगून गेल्यावर पुन्हा सुटला, तर भांडण होते, आणि ते रास्त असते. शब्दांचे तसेच मानायला काय हरकत आहे? जोवर कुणी लक्षात आणून दिले नाही, तोवर आपल्या पालुपदाचा दोष हलका. लक्षात आणून दिल्यावर तो पहिल्यासारखा हलका राहत नाही.

म्हणून सगळे येऊन थांबते ते सांगणाऱ्यापाशी. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्द्याने आत्मचरित्रात आपलीच हकिकत लिहून ठेवली आहे. तरुणपणी त्याने अंगी बाणवायच्या बारा सद्गुणांची यादी केली होती. क्वेकर पंथाच्या एका मित्राने त्याला आपुलकीने सांगितले की, लोक तुला गर्विष्ठ समजतात. वादात तुझे म्हणणे बरोबर ठरले तरी तुझे समाधान होत नाही, तू समोरच्याला चिरडतोस. मित्राने उदाहरणेही दिली. फ्रँकलिनने यादीत तेरावा गुण घातला, नम्रता, आणि सुरुवात शब्दांपासून केली. "नक्कीच", "निःसंशय" असे ठाम शब्द त्याने स्वतःला मना केले. त्यांच्या जागी "माझी अशी समजूत आहे", "सध्या तरी मला असे दिसते" असे म्हणायचे ठरवले. पुढे म्हातारपणी तो लिहितो की, गेल्या पन्नास वर्षांत आपल्या तोंडून आडमुठा शब्द गेलेला बहुधा कुणी ऐकला नसेल. पण त्याच ओघात तो हेही मान्य करतो की, नम्रता प्रत्यक्ष किती आली ते सांगवत नाही, वरवरची मात्र बरीच जमली. हा प्रामाणिकपणा आम्हाला त्याच्या तेरा गुणांहून अधिक आवडतो. कारण शब्द बदलला की माणूस बदलतोच असे नाही. "बघू"च्या जागी कुणी "प्रयत्न करतो" म्हणू लागला, आणि चार महिन्यांत तेही "बघू"च झाले, तर लोकांच्या हाती काय आले?

फ्रँकलिनला मित्र भेटला, आणि तो मित्र त्याच्या बरोबरीचा होता. इथेच आपल्याकडची अडचण आहे. ज्याला आपल्या पालुपदाचा चटका बसतो, तो बहुधा आपल्याला काही सांगू शकणाऱ्यांपैकी नसतो. दाखल्यासाठी आलेली बाई साहेबांना "तुमचं 'बघू' मला दोनशे रुपयांना पडतं" असे म्हणू शकत नाही. बापाच्या वयाच्या शेतमजुराला आपण "ए, इकडे ये" म्हणतो आणि नातवाच्या वयाच्या अधिकाऱ्याला "आपण बसावं साहेब" म्हणतो. मजूर मान खाली घालून येतो. मुलाला रोज "मठ्ठ" म्हटले तर मूल उलट सांगत नाही, हळूहळू ते खरे करून दाखवते. वहीच्या शेवटच्या पानावर रेघा ओढणारी मुले सरांना तो आकडा कधी दाखवत नाहीत. सर मारतील, ही भीती असते. खरे तर सरांनी तो आकडा आपणहून मागितला पाहिजे. घरात बायकोला, मुलांना, कामावरच्या माणसांना एकदा विचारावे, "माझ्या तोंडात सारखं काय असतं?" आणि ते जे सांगतील त्यावर निदान त्या दिवशी काही स्पष्टीकरण देऊ नये. आधी सगळे हसतील. हसण्यातून मग एकेक बाहेर येईल.

आजकाल याला एक सोपे साधनही हाताशी आले आहे. मोबाईलवरून पाठवलेला आपलाच आवाज परत ऐकावा. तो ऐकून बहुतेकांना कसेसेच होते. बोलताना आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत येतो, म्हणून स्वतःला तो भारदस्त वाटतो. यंत्रातून येतो तो जगाला ऐकू येणारा आवाज. पण आवाजाकडे लक्ष न देता शब्द मोजावेत. दोन मिनिटांच्या निरोपात "नाही म्हणजे", "खरं सांगायचं तर" किती वेळा आले? आणि "खरं सांगायचं तर" म्हटल्यावर नंतर जे सांगितले ते त्याआधीच्या वाक्यांहून अधिक खरे होते का?

ज्यांना मोजदाद मनापासून करायची आहे, त्यांच्यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी एक रीत घालून दिली आहे. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांच्या मान्यतेने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात ती आहे. एका वेळी एकच खोड धरायची. सकाळी उठताना तिची आठवण करायची. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, असे दोनदा तास-तास आठवून ती किती वेळा घडली ते पाहायचे आणि आठवड्याच्या सात दिवसांसाठी आखलेल्या ओळींवर तितके ठिपके द्यायचे. प्रत्येक दिवसाला दोन ओळी. दुपारची रात्रीशी, आजची कालशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करायची. आणि दिवसभरात खोड घडताच त्या क्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांत असतानाही हे करता येते, कुणाच्या लक्षात येत नाही, असे ते मुद्दाम सांगतात. एखाद्या सैनिकाने शोभेल अशी ही रीत आहे, आणि इग्नेशियस मुळात सैनिकच होते. वहीतल्या रेघा आणि या ओळींवरचे ठिपके यांत फरक एवढाच की, इथे मोजणारा आणि बोलणारा एकच असतो.

मात्र मोजण्याचाही नाद लागू शकतो. बोलता बोलता स्वतःलाच ऐकत बसणारा माणूस दोन वाक्ये सरळ बोलू शकत नाही. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देवग्रातिआस नावाच्या उपदीक्षिताने (डिकनने) संत ऑगस्टीनकडे गाऱ्हाणे केले की, नवख्यांना श्रद्धेच्या गोष्टी सांगताना आपले बोलणे आपल्यालाच कंटाळवाणे वाटते. ऑगस्टीन तर नावाजलेले वक्ते, अलंकारशास्त्राचे शिक्षक. त्यांनी उत्तरादाखल एक छोटा ग्रंथच लिहिला, आणि त्यात कबूल केले की, आपलेही बोलणे आपल्याला जवळजवळ नेहमीच नापसंत असते. पण ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहिले तर ते तितके कंटाळलेले दिसत नाहीत. तेव्हा "म्हणजे" आणि "तर" यांच्या मागे कुणी हात धुऊन लागू नये. ते राहू द्यावेत. ज्या शब्दावर दुसऱ्या कुणाचे काही अवलंबून आहे, तेवढ्याचाच पाठलाग करावा.

असे एक वाक्य आपल्या भागात घरोघर आहे. कुणी विचारले, "घरच्या काय करतात?" की पुरुष सांगतो, "काही नाही, घरीच असते." हे सांगताना त्याच्या मनात तिरस्कार नसतो, कपट नसते. त्याचे वडील असेच म्हणत, आजोबा असेच म्हणत. पुष्कळदा ती बाईसुद्धा स्वतःविषयी हेच सांगते. आणि ती काय करते? कांद्याचे रोप टाकते. मग ते उपटून पाण्यातल्या वाफ्यात वाकून एकेक काडी लावते. लागवडीच्या दिवसांत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कंबर सरळ होत नाही. निंदणी तिची. काढणीला ती, पात कापायला ती, चाळीत भरताना निवड करायला ती. गायीची धार काढते, शेण काढते. स्वयंपाक, पाणी, मुलांचे डबे हे यात धरलेलेच नाही. ट्रॅक्टर बाजारात जातो तेव्हा मात्र पावतीवर तिचे नाव नसते, आणि लिलावाच्या गर्दीत ती उभी नसते. म्हणून "काही नाही, घरीच असते."

या वाक्याची किंमत लहान नाही. जनगणनेत काम याची जी व्याख्या केली आहे, तिच्यात मजुरी मिळालीच पाहिजे अशी अट नाही. घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेले कामही त्यात येते. २००१ च्या जनगणनेत घरच्या वापरासाठी काढलेले दूधही कामात धरले होते. वर्षात सहा महिने किंवा अधिक काम केले तर मुख्य काम करणारी, कमी केले तर सीमान्तिक. नियम असे बाईच्या बाजूने आहेत. बायकांचे काम लोक सांगत नाहीत, तेव्हा खोदून विचारा, अशी सूचनाही प्रगणकांना दिलेली असते. पण प्रगणक बिचारा एका दिवसात किती दारे वाजवणार! तो विचारतो, दारात उभा असलेला माणूस पालुपद म्हणतो, आणि कागदावर एक बाई 'काम न करणारी' होते. अशा लाखो उत्तरांची बेरीज पुढे आकडा म्हणून छापली जाते. त्या आकड्यावरून योजना आखल्या जातात, शेतकरी कोण ते ठरते. आणि नवरा गेल्यावर तीच बाई तलाठ्याकडे जाते तेव्हा तिला पहिल्यापासून सिद्ध करावे लागते की आपण शेतकरी आहोत.

२०११ नंतर पुढची जनगणना व्हायला फार काळ गेला. जून २०२५ मध्ये सरकारने अधिसूचना काढून तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवली. त्या सुमारास आपल्याकडे रांगडा कांदा निघत असतो आणि उन्हाळ कांद्याची शेवटची निंदणी चालू असते. प्रगणक दारात येईल, तक्ता काढील आणि विचारील, "घरातल्या बाई काय काम करतात?" उंबऱ्यावर उत्तर द्यायला बहुधा घरधनी असेल. ती काय करते हे आत वळून तिलाच विचारावे म्हटले, तरी ती घरात नसेल. ती शेतात असेल.